लक्ष्मीचे देणे



नोव्हेंबर १९८६ मध्ये आपल्या चांदवडला महिला अधिवेशन झाले. पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. घामाचे दाम मागणाऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचे देणे द्यावे, हा त्यामागचा विचार. ज्या गावात शंभर जणांनी बायकोच्या नावे जमीन केली, त्या गावी ते स्वतः जात.

कपाशीची निंदणी, वेचणी, ज्वारीची राखण कोण करते? पाडव्याच्या ओवाळणीत ते फिटत नाही. एकरभर जमिनीनेही फिटेल असे नाही. पण सोसायटीत ती शेतकरी म्हणून उभी राहील, आणि धनी गेल्यावर दिराच्या तोंडाकडे पाहणार नाही.

पेरणीपूर्वी कोणत्या गटातले किती एकर, ते आजच ठरवा. पुढच्या बैठकीला ७/१२ घेऊन या. आम्ही एकेकाला विचारणार आहोत.