समाचाराला जायचे राहून गेले

२०२१च्या एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत इंदूरमधल्या आपल्या कितीतरी घरांनी माणूस गमावला. जूनपासून जनता कर्फ्यू सैल झाला, दुकाने उघडली, आपण पुन्हा एकमेकांना रस्त्यात दिसू लागलो. पण ज्यांच्या घरी मृत्यू झाला, ते समोर आले की काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही. समाचाराला गेलो नव्हतो, आता अडीच महिन्यांनी काय जायचे, असे म्हणून आपण पुढे निघून जातो. या संकोचाबद्दल मंडळाने बोलायला हवे असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. कुणी नातेवाइकांना फोन लावतो, कुणी गुरुजींना गाठतो, कुणी रामबागेत लाकडांची सोय बघतो, आणि एखादी मावशी काहीच न बोलता घरातल्या बाईजवळ बसून राहते. दहाव्याला, तेराव्याला पुन्हा माणसे जमतात. हे सगळे आपण रीत म्हणून करत आलो. त्यातून त्या घरावरचे किती ओझे दुसऱ्यांच्या खांद्यावर जात होते, हे ती रीत मोडल्यावरच कळले.

त्या वर्षी रामबाग आणि पंचकुइया मुक्तिधामांत रांगा होत्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२०च्या सूचनांत नातलगांना अंतर राखून चेहरा पाहण्याची, स्पर्श न करता मंत्र म्हणण्याची आणि पाणी शिंपडण्याची मुभा होती. अस्थींपासून धोका नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. पण त्या गर्दीत आणि भीतीत अनेकांना तेवढेही मिळाले नाही. नवरा रुग्णालयातून परस्पर नेला गेला आणि बायको घरी वेगळ्या खोलीत तापाने पडलेली, अशी घरे आपल्या सभासदांत आहेत.

मग सारे दुःख मोबाइलवर आले. त्याचा उपयोग झाला नाही असे नाही. गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर पिंडदान सांगितले, परदेशातल्या मुलांनी ते तिथून पाहिले. पण त्याच मोबाइलवर २२ एप्रिलला आपल्या सुमित्राताई महाजन गेल्याची अफवा पसरली आणि मोठमोठ्या नेत्यांनीही श्रद्धांजली वाहून टाकली. ताई सुखरूप होत्या. लोक दुष्ट होते म्हणून हे घडले नाही. रोज इतक्या श्रद्धांजल्या लिहायची सवय झाली होती, की खात्री करून घ्यायलाही कुणी थांबले नाही.

आम्हीही त्यातलेच. मे महिन्यात मंडळाने ऑनलाइन शोकसभा घेतली. नावे वाचली, दोन मिनिटे शांत बसलो, सभा संपली. नंतर एका ताईंनी सांगितले, "माझा आवाज बंदच होता. मला बोलायचे होते." त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

त्या घरांपुढे आता कागदपत्रांचाही डोंगर आहे: मृत्यूचा दाखला, बँक, विमा, पेन्शन. आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१मध्ये दरमहा ५,००० रुपयांची योजना जाहीर केली, केंद्राने २९ मे रोजी पीएम केअर्समधून मदत जाहीर केली. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने कोविड-मृतांच्या कुटुंबीयांना आर्थिक साहाय्य देण्यासाठी निकष ठरवा आणि मृत्यूचे दाखले देण्याची पद्धत सोपी करा, असे आदेश दिले. दाखल्यावर मृत्यूचे कारण काय लिहिले आहे, हे त्यामुळे महत्त्वाचे ठरणार होते. एरवी असली कामे घरी येणारा एखादा काका अंगावर घेत असे. या वेळी तो काका घरी आलाच नाही.

उशीर झाला हे खरे. पण उशिराची सोय आपल्या परंपरेतच आहे. दूर गावी बातमी उशिरा पोचली, तरी सुतक पाळतात. तिथी माहीत नसेल किंवा चुकली असेल, तर सर्वपित्री अमावास्या आहे. मग समाचारालाच मुदत कुठून आली?

म्हणून मंडळाने वस्तीनुसार घरांची यादी करायचे ठरवले आहे. एका घरी दोघांनीच जायचे, आधी विचारून, मास्क लावून, ओट्यावर किंवा अंगणात बसायचे. एकाने कागदपत्रांची चौकशी करावी, दुसऱ्याने नुसते ऐकावे. "शेवटी काय झाले?" असे खोदून विचारू नये. ते कसे होते, हे विचारावे. बोलायला कुणी तयार नसेल, तर चहा घेऊन परत यावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जावे.

तुमच्या गल्लीतले एखादे घर यादीत राहून गेले असेल, तर मंडळाला कळवा. आणि कळवून झाल्यावर आमची वाट न पाहता तुम्हीच जाऊन या.