घरचा पहिला फोटो-प्रिंटर

हल्ली आमच्या डोंबिवलीत घरटी तीन-चार मोबाईल आणि त्यांत हजारो फोटो. भिंतीवर मात्र आजोबांचा एकच! २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूरकडे घरांत पाणी शिरले, अल्बम भिजले. पण मोबाईल बिघडला की तेवढे फोटो क्षणात जातात. म्हणून निवडक फोटो घरी छापावेत, या मताचा मी आहे.

प्रिंटर कोणता घ्यावा? दुकानदार यंत्राची किंमत सांगतो. आपण दर फोटोमागचा खर्च विचारावा. शाई फवारणारा इंकजेट नेहमी वापरणाऱ्याला उत्तम. पण महिनोन्‌महिने पडून राहिला तर शाई वाळून सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि ती साफ करण्यातही शाईच खर्ची पडते. आपली घरे तर गणपती, लग्न, बारसे एवढ्यापुरतीच छापणार! त्यांनी फितीवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा छोटा डाय-सब्लिमेशन प्रिंटर घ्यावा. फीत शाईसारखी वाळत नाही. फीत आणि कागद जोडीने मिळत असल्याने खर्चाचा हिशेब आधीच कळतो. फोटोवर बसणारा पारदर्शक थर पावसाळी ओलाव्यात उपयोगी पडतो. फोटो बहुधा ४ × ६ इंचांचाच निघतो, ही त्याची मर्यादा. मोठ्यासाठी स्टुडिओ आहेच.

मित्रहो, यंत्र शोभेसाठी नको. आजीला चष्मा लावून नातवाचा फोटो हातात धरता यावा, एवढ्यासाठीच ते घ्यायचे.