सही करणारे भले लोक

हॅरिएट बीचर स्टो या अमेरिकन बाईंनी १८५२ साली प्रसिद्ध केलेली 'अंकल टॉम्स केबिन' ही गुलामांच्या हालांची कादंबरी आम्ही या उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसऱ्यांदा वाचली. अध्यापक विद्यालयात शिकत असताना प्रथम वाचली, तेव्हा त्यातला चाबूक लक्षात राहिला होता. खेड्यातल्या शाळेत वीस वर्षे घालवल्यावर वाचली, तेव्हा त्यातला कागद लक्षात राहिला. त्या कागदाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

केंटकी प्रांतातला शेल्बी हा शेतमालक मनाने वाईट नाही. गुलामांना तो पोटभर खाऊ घालतो, टॉमवर तर घरचा विश्वास टाकतो. पण त्याला कर्ज झाले, कर्जाच्या चिठ्ठ्या हेली नावाच्या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हाती गेल्या, आणि ते वारण्यासाठी त्याने टॉमला व इलायझा या दासीच्या लहानग्या मुलाला विकून टाकले. त्याने हात उगारला नाही, शिवी दिली नाही; फक्त सही केली. इलायझा मुलाला पोटाशी धरून बर्फाळ नदी ओलांडून पळाली. टॉम मात्र दक्षिणेत गेला. तेथे सेंट क्लेअर हा दुसरा भला धनी त्याला मिळाला. त्याने मुक्त करण्याचे वचन दिले, पण कागद करण्याचे राहून गेले आणि धनी अचानक मेला. मग टॉम लेग्री या क्रूर मळेवाल्याच्या हाती पडला व त्याच्या मारानेच त्याचा अंत झाला. एका भल्या माणसाने सही केली आणि दुसऱ्या भल्या माणसाने ती लांबणीवर टाकली. लेग्रीचे काम या दोघांनी सोपे केले.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केले. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या लोकांची आठवण त्यांना का व्हावी? कारण माणसाला बांधणारी बेडी लोखंडाचीच असावी लागत नाही, अज्ञानाचीही पुरते, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्या परभणी जिल्ह्याकडे पाहू. येथे आज कोणी कोणाला बाजारात विकत नाही. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली आहे, आणि १९७६ च्या कायद्याने तर बांधून घेतलेल्या मजुरांची कर्जेही रद्द ठरवली. हे सर्व खरे. पण दिवाळी सरली की जनाबाईच्या गंगाखेड तालुक्यातून, सोनपेठ-पालमकडून ऊसतोडीच्या गाड्या भरून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यावयाची आणि मग तोडलेल्या उसाच्या टनावर ती फेडावयाची. एक दिवस अंथरुणाला खिळले तर खाडा. हंगामाअखेर फिटले नाही तर बाकी पुढच्या सालावर. वही मुकादमाची, अंगठा आपला. प्रत्येक उचल म्हणजे गुलामगिरी असे आम्ही म्हणत नाही. पण जेथे बाकी फिटेपर्यंत मजुराला काम सोडता येत नाही, तेथे दुसरा शब्द कोणता वापरावा? केंटकीत धन्याच्या कर्जापायी गुलाम विकला गेला. येथे मजूर आपल्याच कर्जापायी बांधला जातो, एवढाच फरक.

येथवर 'आम्ही' म्हटले. पुढची गोष्ट माझी आहे, तेव्हा 'मी' म्हणतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीतल्या एका मुलीचे वडील मुकादमाला घेऊन घरी आले. घरात आजारपण निघाले होते, पैसा हवा होता. "गुरुजी, तुमची सही असली म्हंजी झालं," ते म्हणाले. मी कागद वाचून दाखवला, रक्कम दोनदा सांगितली, साक्षीदार म्हणून सही केली आणि वर सर्वांना चहा पाजला. एका अडलेल्या माणसाचे काम केले, असे मला वाटले. मुलीचे नाव त्या कागदावर कोठेच नव्हते. पण दिवाळीनंतर तिची जागा रिकामी दिसली. आईबाप फडात, आणि ही कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत होती. पाडव्याच्या सुमारास परत आली तेव्हा जोडाक्षरे विसरली होती. फळ्यापाशी खडू घेऊन नुसती उभी राहिली.

कादंबरीत शेल्बीचा मुलगा जॉर्ज टॉमला अक्षरे गिरवायला शिकवतो आणि टॉम अक्षराचे शेपूट उलट्या बाजूला काढतो. अमेरिकेच्या दक्षिणेतील बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकवणे हा गुन्हा होता. आपल्याकडे २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या बाजूने उभा आहे. तरी या मुलीचे अक्षर सुटले, आणि ज्या कागदाने ते सुटले त्यावर तिच्याच गुरुजीची सही होती. पुस्तक वाचताना शेल्बीला नावे ठेवण्याची माझी हिंमत झाली नाही.

कोणी म्हणेल, उचल घेऊ नये तर कोरडवाहू माणसाने खावे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि घेणाऱ्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आमचे सांगणे लिहित्यावाचत्यांना आहे. मुकाट्याने वाकणाऱ्याला टॉम म्हणून हिणवण्याची रीत पुढे अमेरिकेत पडली. पण कादंबरीतला टॉम मार खातो तो सोबतच्या गुलाम बाईवर चाबूक चालवण्यास नकार दिल्यामुळे. त्याला चाबूक नाकारता आला, तर आम्हा गुरुजींना, सरपंचांना, सोसायटीच्या चिटणीसांना लेखणी थोडी आवरता येणार नाही काय?

म्हणून विनंती अशी. साक्षीला बोलावले तर आधी विचारा की पोरे कोठे राहणार? आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात त्यांची सोय लागल्याशिवाय सही करू नका. रक्कम, टनाचा दर आणि खाड्याची कपात कागदावर स्पष्ट लिहवून घ्या व एक प्रत मजुराच्या हाती द्या. कोणाला बाकीपायी अडकवून ठेवले असेल तर तहसीलदाराकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करा. १९७६ च्या कायद्याने मजुराची सुटका करणे हे सरकारी अंमलदारांचे कर्तव्य ठरवले आहे. तो अर्ज लिहून देणे हे आपले काम.

यंदाही दिवाळीआधी मुकादम गावात येईल आणि कोणीतरी माझे दार वाजवील. चहा मी पूर्वीसारखाच देईन. सही मात्र हजेरीपट समोर ठेवून, त्यातली नावे एकेक वाचून झाल्यावरच.