इंजिनाचा प्रश्न धातूचा आहे

तेजस विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे ९९ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये नोंदविली. त्यांतील पहिले इंजिन मिळण्यास मार्च २०२५ उजाडला आणि हवाई दलाला द्यावयाची विमाने रखडली. परकीय कंपनीला दोष देणे सोपे आहे. परंतु १९८९ मध्ये मंजूर झालेले स्वदेशी कावेरी इंजिन तेजसला का बसू शकले नाही, हा प्रश्न अधिक मूलगामी होय.

त्याच्या अनेक कारणांपैकी एक धातूशास्त्रात आहे. आधुनिक टर्बाइनच्या पात्यांवर आदळणारा वायुझोत निकेलच्या १,४५५ अंश सेल्सियस या वितळबिंदूहूनही तप्त असतो. पात्याच्या पोटात हवा खेळवली, तरी लालबुंद अवस्थेत त्याला प्रचंड ताण सोसावा लागतो. साधे पोलाद अशा वेळी हळूहळू ताणले जाऊन निकामी होते. म्हणून निकेलमध्ये क्रोमियम, ॲल्युमिनियम व टायटॅनियम मिसळतात. तो मिश्रधातू प्रथम अतिशय तापवून निववितात आणि नंतर बेताच्या उष्णतेत मुरू देतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने घडविलेल्या निमोनिक ८०-ए या मिश्रधातूसाठी ही मुदत ७०० अंशांवर १६ तासांची असते. या अवधीत धातूभर उपजणारे सूक्ष्म कण त्याला ताणले जाण्यापासून रोखतात. मात्र उष्णता वा अवधी प्रमाणाबाहेर गेल्यास हेच कण जाडे होऊन धातू दुबळा पडतो.

घटकांचे प्रमाण पुस्तकांत सापडते; साचा, ओतकाम आणि निवविण्याचा वेग यांचे ज्ञान मात्र फसलेल्या प्रयोगांतूनच येते. ते सहसा कोणी विकत नाही. भारत याबाबत कोरा नाही. हैदराबादेत मिश्र धातु निगम १९७३ मध्ये स्थापन झाले. तेथील संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिकी ६० पाती तयार करून दिली. उणीव आहे ती सातत्याची. प्रयोगशाळेतील यशामागे कारखान्याची नियमित मागणी आणि चाचण्यांची सोय उभी राहिली नाही, तर ते यश तेथेच विरते.

अधिक शक्तिशाली जीई-४१४ इंजिन भारतात बनविण्याबाबत जून २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला, हे स्वागतार्हच. तथापि अशा करारांमुळे आपल्या भट्ट्यांना विश्रांती देणे ही घोडचूक ठरेल. आज अपयश सोसून पैसा पुरविण्याची तयारी शासनाने दाखविली नाही, तर पुढच्या विमानासाठीही आपल्याला इतरांच्या वेळापत्रकाची वाट पाहावी लागेल.