पेंग्विन वाट चुकला होता

कळप सोडून बर्फाळ डोंगरांकडे एकटाच निघालेला पेंग्विन तुम्ही रीलवर पाहिला असेलच. खाली गर्दी सोडून स्वतःची वाट धरण्याचा उपदेश. ती क्लिप वर्नर हर्झोगच्या २००७च्या माहितीपटातली आहे. त्यातच हर्झोग पेंग्विनांचे अभ्यासक डेव्हिड एन्ली यांना विचारतो, पेंग्विनला वेड लागतं का? एन्लींचं उत्तर साधं आहे : ते दिशा चुकतात आणि समुद्रापासून लांब भरकटतात. समुद्रापासून लांब म्हणजे अन्नापासून लांब. आपण बंडखोर म्हणून लाइक करतो तो मरणाकडे निघालेला पक्षी आहे.

शास्त्रज्ञांचंही आपण हेच करतो. कुणी तरुण ध्रुवावर जातो, एकांतात प्राणी पाहतो आणि बदलून परत येतो. ही गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. माझा राग आहे तो लपवलेल्या अर्ध्या भागावर.

अदिती पंत यांचंच घ्या. जन्म १९४३, नागपूर. घराणं औंधच्या पंतांचं, वडील आप्पासाहेब पंत राजदूत. पुण्यात बीएस्सी, ॲलिस्टर हार्डींचं ‘द ओपन सी’ वाचून समुद्राची ओढ, शिष्यवृत्तीवर हवाई विद्यापीठ, लंडनला पीएचडी, मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. डिसेंबर १९८३मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. अंटार्क्टिकाला गेलेल्या या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. स्पर्धा परीक्षेपुरतं एवढं पाठ असतं. पण त्या तिथे काय शोधत होत्या?

त्या समुद्रातली अन्नसाखळी अभ्यासत होत्या. तिचा पाया म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं तरंगतं शेवाळ. ते क्रिल खातात, क्रिलवर पेंग्विन आणि देवमासे जगतात. आणि हे शोधणाऱ्या बाईंसोबत ऐंशीच्या आसपास माणसं होती, जहाज होतं, ‘दक्षिण गंगोत्री’ तळ उभारणारे जवान होते. मागे घर, शिष्यवृत्ती आणि संस्था होती. बर्फातला एकांत इतक्यांच्या खांद्यावर उभा असतो.

मी कबनूरची. घरात चार यंत्रमाग, दोन शिफ्ट. एकांत मिळतो तो वीज गेल्यावर. ज्या कॉलेजात मी बीएस्सी केलं, तिथले सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपाखाली असायचे. परीक्षेच्या दिवशी बाहेर यायचे आणि संध्याकाळी परत आत जायचे. अशा मुलीला ‘एकटी चाल, जग बदल’ सांगणं ही चेष्टा आहे.

इचलकरंजीचा काळा ओढा पंचगंगेला मिळतो. त्यात सांडपाणी येतं, सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते, ती कुजली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मेलेल्या माशांचा खच दरवर्षी बातम्यांत येतो. कोण कुणाला खाऊन जगतं आणि साखळी कुठे तुटते, हा पंतांचाच प्रश्न आहे. त्यासाठी ध्रुवावर जायला लागत नाही.

माणूस बदलतो तो रोज तेच पाणी पाहून, मोजून, वहीत लिहून. एकटं असण्यापेक्षा त्या सवयीने जास्त बदलतो. म्हणून मला प्रेरणेची भाषणं नकोत. कुलपाची किल्ली द्या, दर आठवड्याला नदीचे नमुने घ्यायला परवानगी द्या, आणि ते मोजणाऱ्या पोरींना शिष्यवृत्ती द्या. रील आम्ही आमच्या आम्ही बनवू.