पायांतले चाळ उतरल्यावर

गेल्या महिन्यांत एका रविवारीं आमचें द्रोणागिरीस जाणें झालें. पनवेलहून उरणाकडे निघालें म्हणजे हें नवें उपनगर लागतें. ज्या डोंगरावरून त्यास नांव मिळालें तो जवळच उभा आहे व त्याच्या माथ्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. लक्ष्मणासाठीं मारुतिरायानें संजीवनीचा पर्वत उचलून नेला, तेव्हां त्याचा एक तुकडा येथें गळून पडला, अशी तिकडची दंतकथा. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत आगगाडी जाऊं लागल्यामुळें आमच्यासारख्या वयस्कांसही हा प्रवास सोपा झाला आहे.

आमच्या आतेभावाचें बिऱ्हाड तेथें आहे. घर भरलेलें आहे. नव्वदीला टेकलेल्या आत्याबाई, आतेभाऊ व वहिनी, मुलगा, सून आणि दोन नातवंडें. सूनबाई कथक नृत्यांत निपुण. वीस वर्षें ती रंगमंचावर नाचली. परंतु कथक म्हणजे एकेका पायांत शंभर-सव्वाशे घुंगरू बांधून तासन्‌तास जमिनीवर पाऊल आपटणें. अखेर गुडघ्यांनीं दगा दिला, डॉक्टरांनीं पदन्यास बंद करावयास सांगितलें, आणि गतवर्षीं तिनें चाळ उतरून ठेवले.

जेवणें आटोपल्यावर विषय निघाला. आठवड्यांतून दोन दुपारीं दिवाणखान्यांत शेजारच्या सहा-सात मुलींना शिकवावें, अशी सूनबाईची इच्छा. आतेभाऊ म्हणाले, “हौस पुरी झाली ना? मग आतां घराची शाळा कशाला?” त्यावर ती खालच्या आवाजांत एवढेंच म्हणाली, “बाबा, हौस असती तर केव्हांच पुरी झाली असती.” पुढें कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्ही पाहुणे, आम्हींही विषय बदलला. परंतु परतीच्या वाटेवर तें वाक्य मनांतून जाईना. म्हणून या महिन्याचा लेख त्यावरच लिहीत आहों.

नर्तकीचें आयुष्य इतर कलावंतांहून एका बाबतींत वेगळें आहे. गवयाचा गळा साठीनंतरही रंगतो, लेखकाची लेखणी सत्तरीतही चालते. नर्तकीचें वाद्य म्हणजे तिचा देह. आणि तो पस्तिशी-चाळिशीपासूनच हिशेब मागूं लागतो. युरोपांतील बॅले नृत्यांत तर पायांच्या बोटांच्या टोकांवर सारा देह तोलावा लागतो. तेथें हा हिशेब अधिकच कठोर. म्हणजे जिची विद्या परिपक्व झाली, तिलाच रंगमंच निरोप देतो. मग त्या विद्येचें काय करावयाचें?

याचें एक उत्तर रशियांत मिळतें. बॅलेंतील प्रमुख नर्तकीस तिकडे बॅलेरिना म्हणतात. अग्रिपिना वागानोवा हिला तें पद मिळालें १९१५ सालीं, आणि १९१६ सालीं तिची रंगमंचावरून निवृत्ति झाली. इतक्या उशिरां मिळालेलें पद इतक्या लवकर सोडावें लागलें. दुसरी एखादी कष्टी होऊन बसली असती. हिनें १९२१ पासून आपल्याच जुन्या नृत्यशाळेंत मुलींना शिकविण्यास आरंभ केला, शिकवितां शिकवितां स्वतःची एक पद्धति सिद्ध केली व १९३४ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. गालिना उलानोवासारखी जगद्विख्यात नर्तकी तिच्या हाताखालीं तयार झाली. १९५१ सालीं ती वारली. १९५७ सालीं त्या शाळेला तिचेंच नांव देण्यांत आलें. आज तिचें नांव जगभर घेतलें जातें तें तिच्या नाचण्यापेक्षां तिच्या शिकविण्यामुळें.

इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. पनवेल सोडून बोरघाट चढला कीं खंडाळा येतें. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक डॉ. साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी लीला सोखी, रंगमंचावरच्या ‘मेनका’, यांनीं तेथें ‘नृत्यालयम्’ उभारलें. ॲना पावलोवा या थोर रशियन बॅलेरिनेनें त्यांना उत्तेजन दिलें होतें. १९३६ सालीं बर्लिन येथील नृत्यमहोत्सवांत त्यांच्या मंडळीनें पारितोषिकें मिळविलीं. हा लौकिक मिळविल्यावर त्यांनीं निरनिराळ्या नृत्यशैलींचे गुरु खंडाळ्यास एकत्र आणले. १९४७ सालीं त्या गेल्या. परंतु त्यांच्याच छायेंत वाढलेल्या, बालवयांत त्यांच्याबरोबर युरोप हिंडून आलेल्या दमयंती जोशी यांनीं कथकची परंपरा पुढें नेली. दमयंतीबाईंना १९७० सालीं पद्मश्री मिळाली, आणि नाचाबरोबर त्यांनीं अध्यापनही केलें.

मेनकाबाईंनीं कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’वर नृत्यनाट्य बसविलें होतें. आमच्या वाचकांस तें नाटक ठाऊक असेलच. त्यांत दोन नृत्याचार्यांचा कलह लागतो. तेथें कवीनें असा निवाडा सांगितला आहे कीं, कोणाची विद्या त्याच्यापुरतीच उत्तम असते, तर कोणास ती दुसऱ्यांत उतरविण्याचें कसब असतें. ज्याच्या ठायीं दोन्ही आहेत तोच शिक्षकांत अग्रगण्य. शिकविणें ही नाचतां न येणाराची सोय नव्हे; ती एक वेगळी व वरची पायरी आहे, हें आमच्या महाकवीनें कधींच सांगून ठेवलें आहे.

ही पायरी आपल्या महाराष्ट्रांत कोणी चढून दाखविली असेल, तर ती पुण्याच्या रोहिणी भाटे यांनीं. जन्म १९२४, फर्ग्युसन महाविद्यालयाची पदवी १९४६, आणि १९४७ सालीं ‘नृत्यभारती’ची स्थापना. ज्या काळीं घरंदाज मुलीनें नाचावें हेंच लोकांस पटत नव्हतें, त्या काळीं बाविशींतल्या मुलीनें नृत्यशाळा काढली! पं. लच्छू महाराज व पं. मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून त्या शिकत होत्या, स्वतः नाचत होत्या, आणि शिकवीतही होत्या. निवृत्तीची वाट पाहत त्या बसल्या नाहींत. म्हणूनच वय झालें तेव्हां रंगमंच सुटला असें वाटण्याचें त्यांना कारण उरलें नाहीं. दुसरें दालन आधींपासून उघडें होतें. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’चा त्यांनीं अभ्यास केला, इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तकीचें आत्मचरित्र मराठींत आणलें, ‘माझी नृत्यसाधना’ लिहिलें, पुणें विद्यापीठाच्या ललित कला केंद्रांत अध्यापन केलें. २००८ सालीं त्या निवर्तल्या तेव्हां ‘नृत्यभारती’ला एकसष्ट वर्षें झालीं होतीं. शरदिनी गोळे, प्रभा मराठे, त्यांच्या स्नुषा शमा भाटे अशा शिष्यांनीं ती विद्या पुढल्या पिढीच्या हातीं दिली. सासूची विद्या सुनेनें चालविली, हें तर एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

तात्पर्य, नाचणें थांबलें म्हणजे विद्या थांबली असें नाहीं. परंतु ती पुढें जाण्यास दोन गोष्टी लागतात. पहिली नर्तकीनें स्वतः करावयाची: पाय चालत आहेत तोंवरच शिकविण्याची व लिहिण्याची संवय लावून घ्यावी, आपल्या गुरूंकडून आलेल्या बंदिशी टिपून ठेवाव्यात. दुसरी घरानें करावयाची: तिला जागा द्यावी, ठराविक वेळ द्यावा, आणि ती वेळ पाहुण्यांच्या चहापाण्यासाठीं मोडूं नये. मुलगा घरीं शिकवणी घेतो तेव्हां आपण आवाज न करतां वावरतों. सुनेच्या शिकवणीस तोच मान द्यावयास आपलें काय खर्च होतें? शिकवण्याचें वेतनही तिनें निःसंकोच घ्यावें. फुकट दिलेल्या विद्येस लोक हौसच म्हणतात.

हें सारें आम्हीं आतेभावास पत्रानें कळविलें. त्यांचें उत्तर आलें नाहीं; आला तो वहिनींचा फोन. आमचें पत्र आत्याबाईंनीं मोठ्यानें वाचून घेतलें म्हणे, आणि मग मुलाला म्हणाल्या, “माझी पेटी लग्नानंतर माळ्यावर गेली ती गेली. हिचे चाळ तिथें जायला नकोत.” त्यावर आतेभाऊ बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं दिवाणखान्यांतला जड कोच आपल्या हातांनीं भिंतीला सरकवला.

मंगळवारीं आणि शुक्रवारीं दुपारीं चार वाजतां तेथें आतां सात मुली येतात. सूनबाई खुर्चीवर बसून हातानें ताल देते आणि बोल म्हणते. कोपऱ्यांत दुसरी एक खुर्ची असते. ती आत्याबाईंची.