भंगारातील अॅम्प्लिफायर

वाशीमच्या एका भंगार दुकानात जुना, बंद पडलेला स्टीरिओ अॅम्प्लिफायर दिसला. दुकानदाराने तो तराजूत घातला. त्याच्या लेखी किंमत फक्त तांब्या-लोखंडाची. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मला हा हिशेब अपुरा वाटला. ट्रान्स्फॉर्मर शाबूत असेल, तर वाळलेले कपॅसिटर बदलून असे यंत्र बहुधा पुन्हा बोलू लागते. मजुरी मात्र खरेदीच्या कितीतरी पट होईल, म्हणून घरची मंडळी नको म्हणतात. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राने २०२२ साली समिती नेमली खरी. पण गावातला रेडिओ-कारागीर टिकायचा, तर त्याच्या हाताला काम हवे. (आणि त्याच्या मजुरीत घासाघीस नको, ती आपण भाजीवालीपासून सर्वांशी करतोच.) ट्रान्स्फॉर्मर जळलेला नसेल, तर मी तो घेणार आहे.